परसातला तलाव

भावाचा फोन कुवेतहून येतो तेव्हा आमच्याकडे इशा होऊन जेवणंही आटोपलेली असतात. गेल्या फेब्रुवारीतही असाच आला. गावच्या जुन्या घराशेजारी तो नवं घर बांधतोय, त्यामुळे रोज काही ना काही विचारणं असतंच. खिडकीला जाळी कुठली, पडवी ठेवायची की नाही, कौलं घालायची की स्लॅब. त्या दिवशी म्हणाला, "आपा, एक नकाशा पाठवलाय बघ. हो म्हण नाहीतर नको म्हण. गावाजवळ तू आहेस, तूच ठरव."

व्हॉट्सॲप उघडून पाहिलं. परसात, फणसाच्या पलीकडे, निळ्या रंगाचा लांबट चौकोन काढला होता. आठ मीटर बाय चार मीटर. पोहण्याचा तलाव.

"पैसे जास्त झालेत का रे?" असं मी तेव्हा म्हटलं नाही. सगळ्यात आधी माझ्या मनात हाव आली, हे कबूल करते.

मला पोहता येत नाही. आमच्या गावात माझ्या वयाच्या एकाही बाईला येत नाही. मुलगे सगळे पोहायचे. पाठीला सुका भोपळा नाहीतर पत्र्याचा रिकामा डबा बांधून त्यांना डोहात ढकलायचे. पावसाळा संपेपर्यंत डबा सुटायचा आणि पोरगा पोहणारा व्हायचा. भाऊ माझ्याहून चार वर्षांनी लहान. तो शिकत होता तेव्हा मी डोहाच्या काठावर त्याचे कपडे आणि चपला सांभाळत बसायची. माझं वय तेव्हा अकरा असेल. पुढच्या वर्षी ते काम चुलत भावाकडे गेलं, कारण मी आता "मोठी" झाले होते आणि डोहावर जाणंच बंद झालं. अम्माने काही कारण सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मला पाण्यात उतरायचं होतं हे मी तिला कधी बोललेच नव्हते, मग ती बिचारी काय नाही म्हणणार?

पुढे लग्न होऊन चिपळूणला आले. खाली नवऱ्याचं दुकान, वर घर, मधे सतरा पायऱ्यांचा लाकडी जिना. २१ जुलै २०२१ ला बकरी ईद झाली. रात्रभर पाऊस कोसळत होता. २२ च्या पहाटे वाशिष्ठी आणि शिवनदी दोन्ही शहरात शिरल्या. वाटे करायचे राहिलेलं कुर्बानीचं मटण दुकानामागच्या फ्रिजमध्ये होतं. तो फ्रिज तरंगत येऊन जिन्याला धडकू लागला. वीज गेलेली, फोन बंद. मी वरच्या पायरीवर बॅटरी घेऊन बसले होते आणि पाण्याखाली गेलेल्या पायऱ्या मोजत होते. सात. नऊ. दुपारपर्यंत तेरा. नवरा उत्तम पोहतो. उधारीची वही आणायला त्याला खाली उतरायचं होतं, मी त्याचा सदरा धरून ठेवला होता. त्या दिवशी एक गोष्ट डोक्यात शिरली ती आजवर गेलेली नाही. पाणी वर आलं असतं तर तो निघून जाऊ शकला असता, आणि माझ्यामुळे गेला नसता. पाणी तेराव्या पायरीवर थांबलं. वही मात्र गेलीच.

म्हणून तो निळा चौकोन मला चैनीचा वाटला नाही.

भावाची मुलगी, माझी भाची, माझ्याहून जोरात बोलली. ती कुवेतमध्ये शाळेच्या तलावात, मुलींच्या वेळेत पोहायला शिकली. पूर्ण बाह्यांचा, डोकं झाकणारा ड्रेस घालून पोहते. सुट्टीत इकडे आली की मे महिनाभर घामाने भिजत बसते. म्हणाली, "फुफी, मुलांना नदी आहे, समुद्र आहे. आम्ही कुठे जायचं? समुद्रावर ड्रेस घालून उतरले तर लोक समुद्र सोडून मला बघतात." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तालुक्याच्या गावांमध्ये बायकांसाठी वेगळी वेळ ठेवणारा तलाव शोधायला निघालं तर चप्पल झिजते.

तरीही हिशेब मांडायलाच हवा होता. मी दुकानदाराची बायको आहे.

उथळ बाजू साडेतीन फूट, खोल बाजू पाच फूट. म्हणजे सुमारे ४२ हजार लिटर पाणी. दहा हजार लिटरचे चार टँकर आणि वर थोडं. आमच्या कोकणाची गंमत अशी की पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि एप्रिल-मेमध्ये वाड्यांवर टँकर लागतो. जांभा दगड पाणी धरत नाही, चाळणीतून जावं तसं ते उताराने खाली जातं. तिकडे कोयनेच्या वीजघरांतून सुटलेलं पाणी बारमाही वाशिष्ठीतून समुद्राला जाऊन मिळतं आणि इकडे डोंगरावरच्या बायका हंडे घेऊन रांगेत असतात. जलजीवन योजनेत माणशी रोजचं पाणी धरलंय ५५ लिटर. आमच्या खालच्या वाडीत दीडशे माणसं आहेत. तलाव एकदा भरणं म्हणजे त्या वाडीचं पाच दिवसांचं पाणी. आणि भरून संपत नाही. उन्हाळ्यात रोज अर्धा सेंटिमीटर पाणी उडून जातं धरलं, तरी ते १६० लिटर होतं. तीन माणसांचं पाणी नुसतं हवेत.

हे मी भावाला सांगितलं. तो इंजिनिअर आहे, गप्प बसणार थोडाच! म्हणाला, "आपा, नव्या घराचं छप्पर शंभर चौरस मीटर आहे. त्यावर वर्षाला तीन लाख लिटर पाऊस पडतो. तलाव पावसावर भरेन. विहिरीचा एक थेंब घेणार नाही."

आकडा बरोबर होता. दोन दिवस मला काही सुचेना. मग सुचलं ते असं की छपरावरचं पाणी साठवायला आपल्याकडे पैसे आहेत आणि जागा आहे, तर क्लोरीन घालून ते पोहण्यालाच का ठेवायचं? साठवलेलं तेच पाणी मे महिन्यात चार घरांना पुरलं असतं. शिवाय जानेवारी ते मे या पाच महिन्यांत त्यातलं निम्म्याहून जास्त उडूनच जाणार. भर घालायला शेवटी बोअर मारावी लागणार आणि आमची विहीर तिथून चाळीस फुटांवर. बोअर मारल्यावर शेजारची विहीर आटल्याची उदाहरणं आम्ही आसपास पाहिलेली आहेत.

पुण्याहून ठेकेदार येऊन पाहून गेला. साडेअकरा लाख म्हणाला. रोज निदान सहा तास पंप चालला पाहिजे, एक हॉर्सपॉवरचा पंप, म्हणजे महिन्याला १३५ युनिट. क्लोरीन मोजायचं, पाण्याची आम्लता मोजायची, जाळीने पानं काढायची, वाळूचा फिल्टर उलटा धुवायचा, त्यालाही पाणी. मी विचारलं, पावसाळ्यात रिकामा करून ठेवला तर? तो म्हणाला, "तसं करू नका. जमिनीतलं पाणी वर आलं की रिकामी टाकी खालून उचलली जाते, तडे जातात." म्हणजे भरलेला ठेवायचा. आणि वर्षातले दहा-अकरा महिने घराला कुलूप. पावसात दोन-दोन दिवस वीज नसते. पंप थांबला की पाणी हिरवं, मग डास, मग डेंग्यूची फवारणी करणारे दारात. भोवती चार फुटी कुंपण घातलं तरी वाडीतली पोरं गडग्यावरून कशी उडी मारतात ते मला ठाऊक आहे. कुलूपबंद घराच्या मागे पाच फूट पाणी, या विचाराने मला झोप येईना.

मकतबमध्ये आम्हाला शिकवलं होतं की वाहत्या नदीकाठी बसला असाल तरी वजूला पाणी उधळू नका. अब्बा तर टमरेलभर पाण्यात वजू उरकायचे. अशा घरात ४२ हजार लिटर! पण खरं सांगू का, या शिकवणीच्या आड लपणं मला जड गेलं. घरात बांधलेल्या बाथटबबद्दल, लग्नात फेकल्या जाणाऱ्या बाटल्यांबद्दल आम्ही ती कधी काढत नाही. बायकांनी काही मागितलं की बरोबर आठवते.

मे महिन्यात गावी गेले. आमच्या विहिरीवर चार घरं पाणी भरतात, दोन मोहल्ल्यातली, दोन खालच्या कुणबीवाडीतली. तळाशी हातभर पाणी उरलं होतं. वाडीतली काकी सकाळी पोहऱ्याने उपसत होती. सत्तरी उलटली आहे, मला लहानपणापासून ओळखते. तलावाची बातमी तिच्यापर्यंत पोचलीच होती. मला वाटलं आता ती पाण्यावरून बोलेल. मनात उत्तर तयार ठेवलं होतं. तिने पोहरा कठड्यावर ठेवला आणि विचारलं,

"बाय, त्यात आमाला उतराया देशील काय गो?"

मी काय बोलले आठवत नाही. बहुतेक हसले. घरी येऊन मात्र बराच वेळ ओट्यावर बसून राहिले. चार महिने मी एकटीची इच्छा समजून जी झाकत होते, ती विहिरीच्या दुसऱ्या बाजूलाही होती. काकीला पदर सांभाळून नदीवर फक्त कपडे धुवायला मिळालं, मला तेही नाही, एवढाच फरक.

त्या ओट्यावर मला एक गोष्ट स्पष्ट झाली. पाणी आमच्या आसपास आहेच, आणि तलावही आहेत. समुद्रकाठी हॉटेलांनी पर्यटकांसाठी केलेले कितीतरी आहेत, सोमवार ते गुरुवार ओस पडलेले असतात. आम्हाला हवा होता तो आडोसा. आठवड्यातले दोन तास, चार भिंती आणि आत पुरुष नाही. एवढ्यासाठी साडेअकरा लाख घालून, विहिरीशेजारी खड्डा खणून, कुलपात ठेवायचं?

भावाला नको म्हणून कळवलं. तो मुकाट्याने "ठीक" म्हणाला. भाची रागावली. दोन महिने माझ्याशी बोलली नाही. तिचं म्हणणं होतं, "तुम्ही नेहमी असंच करता फुफी, आधी नको म्हणायचं, मग नंतर बघू." त्यात तथ्य होतं, म्हणून मी यावेळी नंतर बघितलं. गुहागरकडच्या तीन हॉटेलांत फोन केले. एकाने हसून ठेवला. एकाने परवानगी लागेल म्हणून टाळलं. तिसऱ्याच्या मालकाने विचारलं, किती बायका? मी बेधडक बारा म्हटलं, तेव्हा हातात तीन होत्या. मंगळवारी सकाळी सात ते नऊ, ३,६०० रुपये, कुंपणाला आतून हिरवी जाळी आणि त्या वेळेत फक्त बाई कर्मचारी. बारा जणी झाल्या तर माणशी तीनशे. शिकवायला एका शाळेच्या निवृत्त खेळाच्या बाई मिळाल्या.

डिसेंबरात भाची सुट्टीवर आली तेव्हा पहिला मंगळवार झाला. बारा नव्हतो, दहा होतो. सहा मोहल्ल्यातल्या, तीन वाडीतल्या आणि एक आमच्या चिपळूणच्या शेजारीण जोशीकाकू, ज्यांचा २०२१ मध्ये सगळा तळमजला गेला. सुती कपड्याचे धागे फिल्टरमध्ये अडकतात म्हणून लुगडं चालणार नाही असं मालकाने बजावलं होतं. त्यामुळे काकी माझ्या नायलॉनच्या सलवार-कमीजमध्ये. आरशासमोर उभी राहून म्हणाली, "आता माझा मालक मला वळकायचा नाय." तिचा मालक जाऊन वीस वर्षं झाली.

पाणी बर्फासारखं होतं. पहिला अर्धा तास आम्ही कठडा धरून नुसत्या किंचाळत होतो. भाची एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जात होती आणि तिच्याकडे कुणी टक लावून पाहत नव्हतं, कारण ज्याला त्याला आपला जीव पडला होता. खेळाच्या बाईंनी माझ्या पाठीखाली हात धरला. कानात पाणी गेलं, आवाज सगळे बंद झाले. हात कधी काढला कळलं नाही. त्या म्हणतात आठ आकडे होईपर्यंत मी तरंगत होते, मग घाबरून नाकातोंडात पाणी घेतलं.

आता पाच मंगळवार झालेत. दोघी गळल्या, चार नव्या आल्या. मला अजून पोहता येत नाही, पाय मारत कठड्यापर्यंत येते. नव्या घराच्या परसात, त्या चौकोनाच्या जागी, छपराचं पाणी घेणारी टाकी बांधायला घेतली आहे, जमिनीखाली, झाकणासकट. भाऊ विचारत होता तिच्यावर फरशी कुठली घालू. निळी घाल म्हणणार होते, पण नाही म्हटलं.

तो नकाशा फोनमधून मी अजून पुसलेला नाही.