यंत्राची झोप

माझा धंदा कोणी विचारला की मी सांगतो, "यंत्रांना झोपवतो." पाहुणे हसतात, पण मी खोटे बोलत नाही. बॅटरीवरचे यंत्र टिकते ते वेळच्या वेळी झोपले तरच, आणि त्याला झोपवण्याचे काम त्याच्या पोटातल्या कर्नेलचे, म्हणजे घरातल्या कर्त्या माणसासारख्या मूळ प्रणालीचे.

आमचे कर्नेल लिनक्सचे. चालू यंत्रातला जो भाग रिकामा होईल त्याला तेवढ्यापुरते निजवण्याची सर्वसामान्य सोय त्यात २००९ साली आली. हिशेब अगदी वाण्याचा: ज्याला जो भाग हवा त्याने त्याच्या खात्यावर एक मांडावा, काम झाले की वजा करावा. खाते शून्यावर आले की तो भाग निजतो. सगळे निजले की मुख्य चिप गाढ झोपते. शेवटचा माणूस घरात आल्याशिवाय आमची आजी कडी लावत नसे, तसेच हे.

असे एक यंत्र मी मृगात नायगावला आमच्या शेतात, तुरीच्या ओळीत बसवून आलो. तासातासाला जमिनीतली ओल मोजून लिहून ठेवायची, एरवी झोपायचे. १२ व्होल्टची, ८ अँपिअर-तासांची बॅटरी दोन महिने पुरावी, असा माझा हिशेब. मी पुण्याहून फोनवर चौकशी करी, तेव्हा दादा म्हणत, "झ्याक चालायलंय की! तू कशाला काळजी करायलास?"

वसुबारसेला गोठ्यात दिवा ठेवायला गेलो, तर फवारणीचा पंप बॅटरीवाचून रिकामा! बॅटरी बाजूला चार्जिंगला लावलेली, आणि तिच्या तारांना माझ्या यंत्राचा जोड. आई हळूच म्हणाली, "दर तिसऱ्या दिवशी जात्यात बदलायला. तुला सांगू नको म्हणले." शेजारपाजारचे लोक पोराचे यंत्र पाहायला येत, ते बंद दिसू नये म्हणून एवढा खटाटोप. फवारणी मात्र दादांनी हंगामभर जुन्या हाताच्या पंपाने केली होती. त्यांचा उजवा खांदा दुखतो हे मला ठाऊक होते. का, ते ठाऊक नव्हते.

त्या रात्री यंत्र उचलून आणले आणि ओसरीवर मांडले. या रोगाची एक खोड आहे. तपासायची तार जोडली की तिच्याशी बोलण्याकरिता यंत्र जागेच राहते. रोगी वैद्यापुढे कधी निजतच नाही. मल्टीमीटर १०० मिलिअँपिअर दाखवीत होता. हवे होते चार-पाच. शेवटी यंत्रालाच आपली खाती लिहून ठेवायला सांगितली आणि सकाळी उघडून पाहिली. ओल मोजणाऱ्या भागाच्या खात्यावर एक शिल्लक! काम संपलेले, मागणारा कोणी नाही, आणि एक तसाच.

तो भाग जागा करण्याचा प्रयत्न एखादे वेळी फसतो. पुण्यात टेबलावर तो कधी फसला नव्हता, शेतात फसला. जागा झालाच नाही तर परत काय करायचे, असे समजून मी तिथून सरळ मागे फिरलो होतो. पण त्या जुन्या मागणीची रीत अशी की ती फसली तरी खात्यावर एक चढतोच. या चुकीला जगभरचे लोक इतके फसले की २०२० साली, ५.१० या आवृत्तीत, फसल्यावर स्वतःच वजा करणारी निराळी मागणी निघाली. आमचे कर्नेल त्याआधीचे. म्हणजे दोष कर्नेलचा म्हणावा तर तोही नाही. मी नियम नीट वाचला नव्हता. दादांनी बॅटऱ्या बदलल्या नसत्या तर ही चूक आषाढातच सापडली असती, हेही खरे. पण ते तोंडावर आले नाही.

एकच ओळ घातली. काटा चारवर आला. नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान उरकून यंत्र पुन्हा शेतात बसवले आणि दादांना सगळे समजावून सांगितले. ते मान हलवीत होते.

तिसऱ्या दिवशी, भाऊबिजेच्या सकाळी, पाहतो तो दादा बॅटरी खांद्यावर घेऊन निघालेले.

"दादा, आता दोन महिने लागायची नाही."

"तू म्हनतूस ते खरंच असंल," ते म्हणाले, आणि बॅटरी दुसऱ्या खांद्यावर घेऊन चालू लागले.