तारंखालचं रान

आमच्या रानावरून 400 केव्हीची लाइन गेली आणि गावानं त्या तुकड्याचं नावच पाडलं, तारंखालचं रान. भुरभुर पावसात तारा चर्र चर्र वाजायच्या, कढईत मिरच्या टाकाव्यात तशा. अंधार पडल्यावर तिथं जळकी ट्यूबलाइट हातात धरून उभं राहिलं, की ती आपोआप फिकट उजळायची. आम्ही पोरं त्यासाठी घराघरांतल्या जुन्या ट्यूबा जमवत असू.

आजीला हा खेळ बिलकूल पसंत नव्हता. ‘‘वायरबिगर नळी पेटती, मग माणसाच्या अंगात काय हुईत नसंल व्हय रं?’’ वहिनी पोटुशी होती, तर नऊ महिने तिला तिकडं फिरकू दिलं नाही. म्हशीचं दूध आटलं, तार. शेजाऱ्याची गाय गाभडली, तार.

मी पुढं विजेचंच काम शिकलो, आणि आजीचा सवाल माझ्याबरोबर आला. त्याचं उत्तर असं, की अंग म्हणजे कातडीत भरलेलं खारं पाणी. अशा तारेखाली जमिनीलगत विजेचं क्षेत्र मीटरमागे 10 हजार व्होल्टपर्यंत असू शकतं. पण आपण तिथं उभे राहिलो की कातडीवर विद्युतभार सरकतो आणि आतलं क्षेत्र जवळजवळ पुसून टाकतो. आत पोचतं ते काही लाख पटींनी कमी. नस चेतवायला अंगाच्या आत मीटरमागे 4 ते 6 व्होल्ट लागतात, तेवढं तिथं भरत नाही. हातावरचे केस थरथरतात, काटेरी कुंपणाला बोट लागलं तर चटका बसतो, एवढंच. आता चुंबकीय क्षेत्राला मात्र अंग अडवत नाही. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावरच्या पाहण्या बघून 2002 साली जागतिक कर्करोग संशोधन संस्थेनं त्याला ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात घातलं. विजेच्या क्षेत्राविरुद्ध तेवढाही पुरावा मिळाला नाही. सर्वसामान्य लोकांसाठी मीटरमागे 5 हजार व्होल्टची आंतरराष्ट्रीय मर्यादा सांगितली आहे. म्हणून तारेखाली राहतं घर बांधू नये, असं मीही म्हणतो. पण रान कसायला काय हरकत?

आमचा बैल गेला तो या तारेखाली नव्हेच. तो गेला डीपीच्या खांबापाशी, मृगाच्या पावसात. खांबात करंट उतरला होता आणि ओल्या मातीत पसरत होता. तात्या कासरा धरून चार हात मागं होते. बैल एकदम ताठला आणि बसकण मारल्यासारखा कोसळला. तात्यांच्या पायांत नुसत्या मुंग्या आल्या.

दोघं एकाच चिखलात, मग असं का? खांबापासून लांब जाऊ तसतसा मातीतला दाब उतरत जातो. माणसाच्या दोन पावलांत फरक थोडा, त्यातून पायात चप्पल, आणि करंट गेलाच तर एका पायातनं दुसऱ्यात. बैलाचे पुढचे आणि मागचे खूर दीड मीटर लांब, आणि काळीज बरोब्बर मधे. त्यात आपली वीज सेकंदाला 50 हेलकाव्यांची. स्नायू सैल पडायच्या आत पुढचा झटका येतो. 10 मिलिअँपिअरच्या आसपास माणसाची मूठ आवळते ती सुटत नाही. 100 मिलिअँपिअर छातीतून सेकंद-दोन सेकंद गेले, तर काळीज ठोके सोडून नुसतं फडफडायला लागतं.

आजीला हे सगळं खुरांच्या रेघा मातीत काढून दाखवलं. ती बराच वेळ बघत बसली. ‘‘म्हंजी वरचं न्हाय, खालचं खातंय,’’ म्हणाली. वहिनीनं मागं उभ्या उभ्या तोंडाला पदर लावला.

पंचनामा झाला, पैसे पुढच्या सुगीला आले. पावसात खांबाजवळ जायची वेळ आलीच तर पावलं जुळवून, घसटत चाला, हे मी पुतण्यांना सांगतो. ती हसतात, बदकासारखी चालून दाखवतात. तात्या नवा खोंड घेऊन निघाले की डीपीची सरळ वाट सोडतात. ओढ्याकडनं फर्लांगभर वळसा घालतात आणि तारंखालच्या रानात जाऊन औत जुंपतात.