आठवड्याचा वर्ग

डॉक्टर वारला की आमच्याकडं ठरलेला मजकूर छापून येतो. रुग्णसेवेला वाहून घेतलेले, हाताला गुण असलेले, गोरगरिबांचे आधारवड. अगदी शेवटच्या ओळीत पत्नी, मुलगा, मुलगी, सुना, नातवंडं असा परिवार. भूम तालुक्यात दवाखाना चालवता चालवता माझं अर्धं आयुष्य गेलं, पण हाताला गुण म्हणजे नेमकं काय, याचा उलगडा मला झालेला नाही. ज्याच्या दारात सकाळी सातला चपलांचा ढीग, त्याच्या हाताला गुण, एवढाच गावाचा हिशेब. जामखेडचे डॉ. रजनीकांत आरोळे मे २०११मध्ये गेले. त्यांच्याबद्दल लिहायचं तर हा मजकूर खालून वर वाचावा लागतो. संसार आधी, आणि हाताचा गुण सगळ्यात शेवटी. कारण तो दुसऱ्यांच्या हाती देण्यातच त्यांची हयात गेली.

जामखेड नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात. पण खर्डा ओलांडलं की आमच्या भूमची शीव लागते, आणि आजार काही जिल्हा बघून येत नाही. बालाघाटाचे उघडे माळ, जोडीला चार गुरं, आणि दसरा-दिवाळी झाली की बिऱ्हाड ट्रॅक्टरवर लादून ऊसतोडीला जाणारी माणसं. शिवेच्या अलीकडं-पलीकडं सगळं सारखंच. आमच्याकडची म्हातारी माणसं अजून ‘आरोळ्याचा दवाखाना’ म्हणतात. प्रकल्प वगैरे शब्द त्यांच्या तोंडी बसत नाहीत. मी डॉ. आरोळ्यांचा विद्यार्थी नव्हे. मात्र शेजारच्या तालुक्यात एवढं काम उभं असलं की आपल्या धंद्याकडं बघायची नजर बदलते. धंदा हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. व्रतबीत म्हणवून घ्यायची माझी तयारी नाही.

तर संसार. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात रजनीकांत आणि मेबल एकाच वर्गात होते. मेबल वर्गात पहिल्या आल्या, रजनीकांत दुसरे. १९६०मध्ये त्यांचं लग्न झालं आणि आयुष्य खेड्यातल्या माणसांसाठी घालवायचं, हे तेव्हाच ठरलं. अशी ठरवाठरवी पुष्कळ जण करतात. पहिल्या मुलाच्या शाळेपाशी ती सुटते. यांची सुटली नाही. आधी नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात दोघांनी काही वर्षं काढली. तिथं गर्दी मोप होती. फक्त आज बरी होऊन गेलेली माणसं काही दिवसांनी तोच आजार घेऊन परत दारात. पाणी तेच, उपासमार तीच, मग आजार तरी कुठं जाणार? या येरझारा आमच्याही ओपीडीत चालतात. बरेच डॉक्टर त्याला प्रॅक्टिस चांगली चालली असं म्हणतात.

पुढं दोघं अमेरिकेला गेले. आरोळ्यांनी तिथं शस्त्रक्रियेचा अनुभव घेतला, आणि दोघांनीही जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला. जामखेडच्या कामाची आखणी तिथंच प्राध्यापक कार्ल टेलर यांच्या हाताखाली झाली. १९७०मध्ये ते जामखेडला आले आणि गुरांच्या जुन्या दवाखान्यात त्यांनी रुग्ण तपासायला सुरुवात केली. १९७१ साली जामखेडच्या आसपासच्या गावांमध्ये जन्मलेल्या दर हजार मुलांमागे १७६ मुलं वर्षाच्या आत दगावत होती. दोन दशकांनंतर हा आकडा विशीच्या घरात आला.

हे झालं कसं, ते सांगायला मला माझ्या टेबलावरचीच केस बरी पडते. सहा किलोचं लेकरू, दोन दिवस जुलाब. आजी सांगते, टाळू पडली. तिचं निदान बरोबर असतं; अंगातलं पाणी आटलं की तान्ह्या मुलाची टाळू खोल जाते. चुकतो तो उपाय. वरून टाळूवर तेल जिरवतात आणि जुलाब वाढतील म्हणून पाणी तोडतात. मी पोटाची कातडी चिमटीत धरून सोडतो. ती सावकाश मागं जाते. डोळे खोल गेलेत, पण पाणी दाखवलं की लेकरू वाटीकडं झेपावतं. म्हणजे त्याला शिरेतून काही द्यायची गरज नाही. किलोला ७५ मिलिलिटर या मापानं साडेचारशे मिलिलिटर जलसंजीवनी चार तासांत पोटात गेली पाहिजे. पाच मिलिलिटरचा चमचा धरला तर ९० चमचे. दर अडीच मिनिटांना एक. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा, जरा हळू.

आता हे ९० चमचे पाजणार कोण? बाहेर चाळीस माणसं बसलेली. आईला शेतावर जायचंय, नाहीतर रोज बुडतो. बापाची घाई निराळीच, “सायेब, एक बाटली लावा की, पावर येईल.” सलाईन लावायला मला दहा मिनिटं लागतात, पैसेही मिळतात, आणि लोक घरी जाऊन सांगतात की डॉक्टरानं लगेच बाटली लावली. चमच्यानं पाजा म्हणणाऱ्या डॉक्टरकडं पुन्हा कुणी येत नाही. एका आजीनं मला तोंडावर विचारलं होतं, “चमच्यानंच पाजायचं तर तुमच्याकडं कशाला आणलं असतं?”

आजीचा प्रश्न अगदी रास्त होता. चार तास लेकरापाशी बसू शकेल अशी बाई गल्लीतलीच पाहिजे. तिला टाळूचा अर्थ माहीत हवा, चिमटीतली कातडी कधी फारच मंद परतते ते कळायला हवं, आणि मूल झोपाळू व्हायला लागलं तर आता आपल्या हातातलं राहिलं नाही, गाडी बघा, असं ठणकावून सांगण्याची धमक हवी. आरोळे पती-पत्नींनी हेच केलं. आधी त्यांनी शिकलेल्या नर्स गावोगाव पाठवून पाहिल्या, पण त्या गावात रुळल्या नाहीत. मग गावानंच निवडलेली बाई घ्यायची ठरली. अक्षरओळख नसलेल्या, दलित वस्तीतल्या, नवऱ्यानं टाकलेल्या अशा कितीतरी जणी त्यांत होत्या. त्या दर आठवड्याला जामखेडला यायच्या, मुक्कामाला राहायच्या, एका पंगतीत जेवायच्या आणि शिकायच्या. बाळंतपण, गरोदर बाईची तपासणी, कुष्ठरोगाचे चट्टे, पाण्याची शुद्धता.

जामखेडचं नाव निघालं की लोक मॅगसेसे पुरस्काराबद्दल बोलतात, जो १९७९मध्ये दोघांना मिळून मिळाला. १९९०च्या पद्मभूषणाबद्दल बोलतात. जागतिक आरोग्य संघटनेनं १९७५च्या आपल्या पुस्तकात जामखेडवर प्रकरण घेतलं आणि तीन वर्षांनी आल्मा-आटाच्या परिषदेत प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा निघाला, हेही सांगतात. मला मात्र या सगळ्यापेक्षा तो आठवड्याचा वर्ग मोठा वाटतो. शिबिर घेणं सोपं असतं. मंडप, हार, फोटो, झालं. दर आठवड्याला त्याच बायकांपुढं बसून, गेल्या आठवड्यात गावात काय झालं ते ऐकून घ्यायचं, त्यातून पुढचा धडा काढायचा, आणि हे वर्षानुवर्षं! यात डॉक्टरचा रुबाब रोज थोडा थोडा कमी होतो. जी गोष्ट फक्त आपल्यालाच येते म्हणून चपलांचा ढीग पडतो, ती दुसरीला इतकी पक्की शिकवायची की ढीग ओसरावा. शल्यचिकित्सेत मुरलेल्या माणसाला हे मानवणं अवघडच. आरोळे शस्त्रक्रियाही करत राहिले, त्यांच्याकडं जयपूर फूटही तयार व्हायचे. पण सुरीच्या कौशल्यावर त्यांनी आपली ओळख उभी केली नाही.

आणि ते फक्त औषधपाण्यातही अडकले नाहीत. १९७२च्या दुष्काळात विंधन विहिरी घ्यायची वेळ आली तेव्हा दलित वस्तीत जागा धरून हातपंप बसवले गेले. पाणी हवं तर सगळ्या गावानं तिथं यायचं. एवढ्या एका खुबीपुढं मला भाषणं फिकी वाटतात.

आमच्या जिल्ह्यातही ही वाट कुणी चाललंच नाही असं नाही. तुळजापूर तालुक्यातल्या अणदूरला डॉ. शशिकांत आणि डॉ. शुभांगी अहंकारी या दांपत्यानं हॅलो मेडिकल फाउंडेशनचं काम उभारलं. गावातल्या बायकांना त्यांनी आरोग्याचं शिक्षण दिलं आणि नाव दिलं भारतवैद्य. इथंही पुन्हा नवरा-बायको दोघंही डॉक्टर. गडचिरोलीला बंग, मेळघाटात कोल्हे, तिथंही तेच. मला यात योगायोग दिसत नाही. एकटा पुरुष खेड्यात दवाखाना टाकू शकतो; पण बायकांच्या आरोग्याची गोष्ट बायकांच्या तोंडून ऐकायची, तर घरात आणि कामात बरोबरीची बाई लागते. मेबल आरोळे नसत्या तर जामखेडला एक चांगलं इस्पितळ झालं असतं, आणि तिथंच थांबलं असतं. म्हणून मृत्युलेखातली ती शेवटची ओळ मला खटकते. इथं पत्नी मागं राहणारा परिवार नव्हती, अर्धं काम होती. मेबलबाई १९९९मध्ये गेल्या. पुढची बारा वर्षं आरोळ्यांनी काम ओढलं, आणि आता मुलगी डॉ. शोभा आणि मुलगा रवी ते बघतात. मुलांना डॉक्टर करून पुण्या-मुंबईला किंवा परदेशी बसवणं हे आमच्या व्यवसायात बापाचं यश समजलं जातं. त्या मापानं आरोळे नापासच म्हणायचे.

एका बाबतीत मात्र माझं जामखेडशी जमत नाही. तिथल्या आरोग्यसेविकांनी पगारावर अवलंबून राहू नये, शेळ्या, बांगड्या, छोटा व्यापार यांवर स्वतःच्या पायांवर उभं राहावं, असा विचार होता. त्या काळात, त्या माणसांच्या देखरेखीखाली तो चालला असेल. पण २००५मध्ये सरकारनं राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात गावोगाव ‘आशा’ नेमल्या, तेव्हा नेमका हा काटकसरीचा भाग उचलला. पगार नाही, कामागणिक मोबदला. जन्मलेल्या बाळाला दीड महिन्यात सहा-सात वेळा घरी जाऊन बघायचं, त्याचे अडीचशे रुपये. वर रजिस्टरं, सर्व्हे, मोबाइलवरची माहिती. आणि जो भाग घ्यायला हवा होता, तो वर्ग? पहिल्या वर्षाचं प्रशिक्षण २३ दिवसांचं, तेही टप्प्याटप्प्यानं. बाई उचलली, आठवडा सोडला.

आमच्याकडच्या आशाताई हुशार आहेत. त्यांच्यातली एक टाळू बघून मला फोनवर सांगते की पाठवते, आणि तिचा अंदाज सहसा चुकत नाही. पण तिला विचारायला, चुकलं तर पुन्हा समजून घ्यायला ठरलेली जागा नाही. मी फोन उचलला तर उचलला. म्हणून तालुक्यातल्या सगळ्या आशांना निदान एकदा जामखेडला नेऊन तिथला वर्ग दाखवावा, असं मी मिळेल त्या बैठकीत बोलत असतो. सगळे माना डोलावतात, चहा येतो, आणि गाडीचं डिझेल कुठल्या खर्चात टाकायचं यावर विषय पुढच्या बैठकीवर जातो. खर्ड्यावरून जेमतेम तासाभराचा रस्ता आहे.