आवाज आहे, चित्र नाही

जबलपूरला बदली झाली तेव्हा सरकारी क्वार्टरच्या यादीत माझा नंबर बराच खाली होता. म्हणून अधारतालमध्ये एका निवृत्त कारखाना कर्मचाऱ्याच्या घराचा वरचा मजला भाड्यानं घेतला. कुटुंब पुण्यात, कारण लेक बारावीला. फौजी वाचकांना यापुढचं सांगायला नको: एक पलंग, एक ट्रंक, एक इंडक्शन शेगडी आणि एक लॅपटॉप.

अधारताल हे नाव मला पहिल्याच दिवशी आवडलं. राणी दुर्गावतीच्या काळात इथे तीन तलाव झाले. राणीचा तो रानीताल, तिच्या दासीचा तो चेरीताल आणि दिवाण अधारसिंहाचा तो अधारताल. राणी १५६४ साली नर्रईच्या लढाईत आसफखानाच्या फौजेशी लढताना गेली. दिवाणाचं नाव मात्र अजून रोज ऑटोवाले ओरडून सांगतात. स्टाफ ऑफिसरच्या वाट्याला एवढं अमरत्व क्वचितच येतं.

तर लॅपटॉप. रोज रात्री नऊ वाजता लेकीची गणितं घेणं हे माझं काम. एनडीएच्या पेपरात अडीच तासांत १२० गणितं असतात, आणि ती सवयीनंच सुटतात हे मी खडकवासल्याला पोचण्याआधी स्वतः भोगलेलं. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं मुलींना ती परीक्षा खुली झाली, तेव्हाच मी मनात ठरवून टाकलं होतं. मे २०२५ मध्ये पहिल्या १७ मुली अकादमीतून पास आउट झाल्या, ते संचलन मी लेकीला शेजारी बसवून दाखवलं. ती म्हणाली, "भारी आहे." मी त्याचा अर्थ "हो" असा घेतला.

त्या सोमवारी त्रिकोणमितीचं एकच गणित ती तिसऱ्यांदा चुकली. मी बोलू नये ते बोललो. "लक्ष नसेल तर माझा वेळ घालवू नकोस," म्हणालो आणि लॅपटॉपचं झाकण आपटलं. कीबोर्डवर बॉलपेन राहिलं होतं. बारीकसा 'कट्' आवाज आला.

सकाळी उघडलं तर डाव्या बाजूला शाई सांडल्यासारखा काळा डाग आणि उरलेल्या भागात हिरव्या-गुलाबी उभ्या रेघा. लहानपणी दूरदर्शनवर 'रुकावट के लिए खेद है' अशी पाटी यायची. इथे तेवढंही सौजन्य नव्हतं.

मी घरच्या घरी कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसवली. एचडीएमआय केबलनं घरमालकांच्या टीव्हीला जोडलं, चित्र स्वच्छ. म्हणजे ग्राफिक्स ठीक. झाकण पुढे-मागे हलवलं, रेघा जागच्या जागी. बिजागरीतून जाणारी केबल सैल असती तर झाकण हलवताना त्या बदलल्या असत्या. म्हणजे पॅनलच फुटलं. चौकशीत दोषी एकच अधिकारी आढळला.

त्या रात्री नऊला नेहमीसारखी रिंग वाजली. मी अंदाजानं एन्टर दाबलं.

"बाबा, मी दिसतेय का?"

"नाही. स्क्रीन गेलीय. मी दिसतोय?"

"तू दिसतोयस."

बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाली, "कॅमेऱ्यावर काहीतरी लाव ना. मला एक सांगायचंय."

मी कॅमेऱ्यावर पट्टी चिकटवली. डाग आणि रेघा यांच्याकडे बघत बसलो.

"मला एनडीएला नाही जायचं. फॉर्म तू भरायला लावलास म्हणून भरला. मला जिऑलॉजी करायचंय, फर्ग्युसनला. दिवाळीत आपण भेडाघाट, लमेटा घाटला गेलो होतो ना, तेव्हापासून. पण तुझा चेहरा बघून सांगताच येत नव्हतं."

वीसेक वर्षं माणसांना हुकूम देण्यात गेली. त्या क्षणी मला एक वाक्य सुचेना. "विचार करतो," एवढंच म्हणालो. तिकडून "बरं," आलं आणि कॉल संपला.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या अधिकृत केंद्रात गेलो. साडेचौदा हजार, तीन आठवडे, आणि मशीन डिस्क व पासवर्डसकट ठेवून जा, असं उत्तर मिळालं. कार्यालयाचा कागद खासगी लॅपटॉपवर ठेवायचा नाही हा नियम मी पाळतो. तरीही घरचे सतरा वर्षांचे फोटो परक्याच्या कपाटात ठेवायला हात धजेना.

घरमालकांनी गल्लीतलं एक दुकान सुचवलं. काउंटरवरचा पोरगा अस्सल जबलपुरी. "का बड्डे, का हो गओ?" मागच्या टेबलावरून एक पिकल्या मिशांचे गृहस्थ माझ्या केसांच्या कटिंगकडे बघत उठले. "बड्डे नहीं बे, साहब हैं. जय हिंद साहब!" सिग्नल्समधून निवृत्त झालेले हवालदार. भिंतीवर 'तीव्र चौकस' लिहिलेली पाटी. मी त्यांना उस्ताद म्हणू लागलो.

मी लॅपटॉपचं मॉडेल सांगायला लागलो तर त्यांनी थांबवलं. एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळी पॅनल येतात. कुणाला ३० पिनची जोडणी, कुणाला ४०. कुणाला स्क्रूच्या कानपट्ट्या, कुणाला नुसती चिकटपट्टी. म्हणून आधी उघडायचं, पॅनलच्या पाठीवरचा नंबर वाचायचा, मगच माल मागवायचा. "साहब, बाहर का नाम मत देखिए, पीछे का नंबर देखिए." डिस्क त्यांनी स्वतःच काढून माझ्या हातात ठेवली. "ये आप के पास."

पॅनल यायला तीन दिवस लागले. त्या तीन रात्री आम्ही फोनवर नुसतं बोललो, गणितं नाहीत. मी विचार करत होतो असं म्हणणं खोटं ठरेल. मी आठवत होतो.

मी बारावीला पुण्यात काकांकडे होतो. वडील तासगावला शिक्षक. मी सांगलीला वालचंदमध्ये इंजिनिअर व्हावं हे त्यांचं ठरलेलं. एनडीएची परीक्षा मी न सांगता दिली. पास झाल्यावरही सुट्टीत घरी जाऊन काही न बोलता परत आलो आणि पुण्याहून अंतर्देशीय पत्रावर सगळं लिहिलं. समोर बसून सांगायची हिंमत नव्हती. त्यांचं उत्तर आलं ते चार ओळींचं. राग होता, ते लपवलं नव्हतं. शेवटी विचारलं होतं, तिथे सोबत काय काय न्यावं लागतं, यादी पाठव.

शनिवारी दुकानात गेलो. उस्तादांनी आधी बॅटरीची जोडणी काढली, मग कडेची चौकट प्लॅस्टिकच्या पातीनं सोडवली. नवं पॅनल जागेवर न बसवता कीबोर्डवर नुसतं आडवं ठेवून केबल लावली आणि मशीन सुरू केलं. चित्र आलं. पांढरा, काळा, लाल, हिरवा असे रंग पाहून घेतले, मगच चौकट बसली. बिल बावन्नशे. जुनं पॅनलही त्यांनी कागदात गुंडाळून परत दिलं.

"फूटा कैसे साहब?"

"गुस्से में."

ते हसले नाहीत. "हमारा रेडिओ सेट भी ऐसे ही फूटता था," एवढंच म्हणाले.

रात्री नऊला रिंग वाजली. लेक समोर बसली होती, तोंडी परीक्षेला बसल्यासारखी. एवढे दिवस रोज बघत होतो, पण तिच्या डोळ्यांखाली काळं आलंय हे मला तेव्हा दिसलं.

मी आधी सोमवारबद्दल माफी मागितली. मग म्हणालो, "इथे जबलपूरला १८२८ साली स्लीमन नावाच्या एका फौजी कॅप्टनला डायनासोरची हाडं सापडली, एवढं मी वाचलंय. पुढचं मला येत नाही. लमेटाचा खडक म्हणजे काय, सांग."

ती आधी अडखळली. मग वही आणली, आकृती काढली, साडेसहा कोटी वर्षांहून जुन्या नद्या, त्यांची वाळू, त्यावर आलेला लाव्हा, सगळं पाऊण तास सांगत होती. मी दोनदा चुकीचे प्रश्न विचारले. तिनं न रागावता परत समजावलं.

मला वाईट वाटलं नाही असं नाही. खडकवासल्याच्या त्या मैदानावर तिला बघायचं चित्र मी बरीच वर्षं जपलं होतं, आणि ते इतक्या लवकर पुसलं जाणार नाही. पण फोन ठेवताना मी तिला विचारलं, "फर्ग्युसनच्या प्रवेशाला काय काय कागद लागतात? यादी पाठव."

गणितं अजून चालू आहेत. बारावीला लागतातच. झाकण मिटण्याआधी कीबोर्डवर हात फिरवून पेन राहिलंय का ते बघतो.