तीन गोळ्यांचं कार्ड

मंडळी, बरेच वीकेंड इथे काही लिहिलं नव्हतं. कारण विचाराल तर जरा वेगळं आहे. गेलं वर्षभर मी शनिवारी सकाळी उठून रायफल चालवायला जातोय! घरी आईला सांगितलं तेव्हा फोनवर दोन मिनिटं शांतता होती. मग ती एवढंच म्हणाली, "हेल्मेट घालतोस ना?" :-)

तर प्रस्तावना. मी डेन्व्हरला राहतो. मेकॅनिकलची डिग्री घेऊन आयुष्यभर कोड लिहिणार्‍या जमातीतला मीही एक. आमच्या टीममध्ये पन्नाशी उलटलेला एक टेस्टिंगवाला आहे. मी त्याला मनातल्या मनात 'सरपंच' म्हणतो, कारण कॉफी मशीनपासून डेटाबेसपर्यंत कुठलाही तंटा शेवटी त्याच्याकडेच जातो. सरपंचांच्या मामांचं कोलोरॅडोच्या पूर्वेला गुरांचं रँच आहे आणि तिथे प्रेअरी डॉग्जनी बिळं करून कुरणाची चाळण केली आहे. नावात डॉग असला तरी हा कुत्रा नव्हे. ही जमिनीत वसाहत करून राहणारी खारच, फक्त चांगली गुबगुबीत, वजनाला किलोच्या आसपास. रँचवाल्यांचं म्हणणं, गुरांचं गवत हे खातात. अशा उपद्रवी लहान प्राण्यांना इकडे 'व्हार्मिंट' म्हणतात आणि त्यांच्यासाठीच्या लहान कॅलिबरच्या, लांबवर नेम धरणार्‍या रायफलीला व्हार्मिंट रायफल.

आता तुम्ही विचाराल, एच-वन-बी वाल्याला बंदूक कशी मिळते? एरवी नाहीच मिळत. इथल्या केंद्रीय कायद्याने अशा व्हिसावरच्या माणसाला बंदूक बाळगायला बंदी आहे. एक अपवाद म्हणजे एखाद्या राज्याचा वैध शिकारी परवाना. आणि कोलोरॅडोत १९४९ मध्ये किंवा त्यानंतर जन्मलेल्या माणसाला परवान्याआधी हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो. मी रीतसर कोर्स केला, पेपर दिला (पास झालो, एटीकेटी नाही!), लहान शिकारीचा परवाना काढला आणि मगच दुकानाची पायरी चढलो.

दुकानात पहिला धक्का किमतींचा. दोन-तीन हजार डॉलरच्या रायफली काचेमागे झोकात उभ्या. मी आपला मध्यमवर्गीय, हात मागे बांधून फिरतोय. सरपंचांनी मला कोपर्‍यातल्या रॅककडे नेलं आणि सॅव्हेज कंपनीची ॲक्सिस नावाची बोल्ट-ॲक्शन हातात दिली. कॅलिबर .२२३ रेमिंग्टन, किंमत चारशे डॉलरच्या आत-बाहेर. साधा काळा प्लॅस्टिकचा स्टॉक, कुठे नक्षी नाही, चकाकी नाही. मी म्हटलं, "ही एवढी स्वस्त, मग नेमाचं काय?" ते म्हणाले, "पैसे जिथे वाचवायचे तिथेच वाचवलेत."

घरी येऊन वाचत बसलो आणि माझ्यातला झोपलेला मेकॅनिकल इंजिनिअर खडबडून जागा झाला. गंमत बघा. रायफलमध्ये काडतूस मागून बोल्टच्या तोंडाला टेकतं आणि पुढे नळीच्या चेंबरमध्ये बसतं. या दोन्हींमधलं अंतर इंचाच्या हजाराव्या भागांत बरोबर असावं लागतं. याला हेडस्पेस म्हणतात. जुन्या पद्धतीत नळीच्या खांद्याचं मशीनिंग करून, कुशल कारागिराने बसवून बघत हे अंतर जुळवायचं. म्हणजे वेळ, म्हणजे पैसा. १९५८ साली सॅव्हेजची ११० नावाची रायफल आली. निकोलस ब्रूवर या डिझायनरने तिच्यात नळीवर एक सरळसाधं लॉक-नट दिलं. चेंबरमध्ये गेज ठेवायचा, नळी त्याला टेकेपर्यंत फिरवायची आणि नट आवळायचा. संपलं! शिवाय बोल्टचं डोकं वेगळं, किंचित हलणारं, त्यामुळे त्याचे दोन्ही खुंट आपोआप सारखे टेकतात. २०१० साली आलेली ही स्वस्त रायफलसुद्धा याच घराण्यातली. जिथे अचूकता ठरते तिथे डोकं वापरायचं आणि जिथे नुसती शोभा आहे तिथे प्लॅस्टिक. असं डिझाइन बघितलं की मला अजूनही बरं वाटतं.

पहिल्या महिन्यातच एका शनिवारी मी शंभर यार्डांवर (म्हणजे साधारण ९१ मीटर) तीन गोळ्या झाडल्या आणि तिन्ही भोकं एकमेकांना खेटून! केंद्रापासून केंद्रापर्यंत मोजलं तर ०.६ इंच. इथले लोक अचूकता 'मिनिट ऑफ अँगल' मध्ये मोजतात. एका अंशाचा साठावा भाग, जो शंभर यार्डांवर १.०४७ इंच होतो. एका मिनिटाच्या आत ग्रुप आला की रायफल चांगली, असा ढोबळ हिशोब. आणि माझी चारशेची रायफल ०.६! मी ते कार्ड फोटो काढून मित्रांना पाठवलं, ऑफिसात मॉनिटरशेजारी चिकटवलं. येणार्‍या-जाणार्‍याला किंमत विचारायला लावायचो आणि मग ऐटीत सांगायचो.

इथपर्यंत सगळं मजेत चाललं होतं.

त्यानंतर आम्ही मामांच्या रँचवर गेलो. उघडं माळरान, क्षितिजापर्यंत काही नाही आणि बिळांच्या तोंडाशी उभे राहून हे प्राणी एकमेकांना इशारे देतायत. सरपंच जवळचेच बघत होते. माझ्या डोक्यात मात्र कार्ड. मी रेंजफाइंडर लावला, २८० यार्ड. मनात गणित केलं : ०.६ ला २.८ ने गुणलं की पावणेदोन इंच, प्राणी उभा असताना तीन-चार इंच रुंद, म्हणजे आरामात! वारा बाजूने होता, त्याचाही अंदाज धरला आणि चाप ओढला.

गोळी लागली, पण मागच्या भागात. ते जनावर पुढच्या दोन पायांवर स्वतःला ओढत बिळाकडे गेलं. मी घाईघाईने दुसरं काडतूस भरेपर्यंत ते आत नाहीसं झालं. आम्ही चालत तिथपर्यंत गेलो. बिळाच्या तोंडाशी रक्त होतं, बाकी काही नाही. आत हात घालून काढता येत नाही, खणून काही उपयोग नाही. तिथे उभं राहून मला काय वाटलं ते नीट लिहिता येणार नाही. सकाळपासून मी ज्याला 'टार्गेट' म्हणत होतो ते आत कुठेतरी तडफडत होतं. आणि ते गवत वाचवण्यासाठी झालं नव्हतं, माझ्या कार्डासाठी झालं होतं.

सरपंच ओरडले नाहीत. परतताना गाडीत त्यांनी एकच प्रश्न विचारला, "त्या कार्डावर गोळ्या किती होत्या?"

"तीन."

"मग तुला तुझी रायफल अजून माहीतच नाही."

त्या रात्री मी स्टॅटिस्टिक्स उकरून काढलं. तेच, जे आपण सगळे परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ करतो. ग्रुप मोजताना आपण काय मोजतो? सगळ्यात लांबच्या दोन भोकांमधलं अंतर. म्हणजे जितक्या जास्त गोळ्या, तितका ग्रुप मोठा होत जाणार, रायफल तीच असली तरी. गोळ्यांचं विखुरणं नेहमीच्या घंटेच्या आकाराच्या वक्राप्रमाणे धरलं, तर तीन गोळ्यांचा सरासरी ग्रुप एका दिशेतल्या प्रमाण विचलनाच्या २.४ पट येतो, पाच गोळ्यांचा ३.१ पट आणि दहा गोळ्यांचा ३.८ पट. म्हणजे तीन गोळ्यांची सरासरी एक इंच असलेली रायफल दहा गोळ्यांत जवळजवळ १.६ इंच दाखवते. वर तीन-तीनचे ग्रुप एकमेकांत इतके कमी-जास्त होतात की त्यातला सगळ्यात छान निवडून भिंतीवर लावणं म्हणजे शंभर सेल्फी काढून एक फेसबुकवर टाकण्यासारखं आहे.

माझी जुनी कार्डं काढली. तीनचे बारा ग्रुप होते. सगळ्यात लहान ०.६, सगळ्यात मोठा १.४, सरासरी ०.९ च्या आसपास. बाकीची अकरा कार्डं मी कुणाला दाखवली नव्हती. खरं तर स्वतःलाही नाही.

मग पुढचे काही शनिवार मी दहा-दहा गोळ्यांचे ग्रुप झाडले. एकही वगळायचा नाही, 'ही माझी चूक होती, धरू नका' असं म्हणायचं नाही, नळी गार व्हायला मध्ये वेळ द्यायचा. पाच कार्डांची सरासरी आली १.४ इंच. हाच माझ्या रायफलीचा, तिच्यातल्या काडतुसांचा आणि माझ्या खांद्याचा मिळून खरा आकडा. २८० यार्डांवर तो चार इंच होतो, म्हणजे त्या प्राण्यापेक्षाही रुंद. शिवाय वारा. ५५ ग्रेनची ही हलकी गोळी नळीतून सेकंदाला ३२०० फुटांच्या वेगाने सुटते खरी, पण ताशी १० मैलांचा आडवा वारा तिला २०० यार्डांवर चार इंच आणि ३०० वर नऊ-दहा इंच ढकलतो. मी त्या दिवशी केलं त्याला नेम नाही, मटका म्हणतात.

मग ही स्वस्त रायफल वाईट निघाली का? अजिबात नाही. १५० यार्डांवर तिचा ग्रुप दोन इंचांचा होतो आणि शांत वार्‍यात तिथे ती पुरते. दोन हजारांची घेतली असती तर ही मर्यादा थोडी पुढे सरकली असती, पण वार्‍याचा अंदाज मलाच करावा लागला असता. वाचलेल्या पैशांत चांगली दुर्बीण आली आणि मुख्य म्हणजे सरावाची काडतुसं आली. माझं आजचं मत विचाराल तर स्वस्त रायफलीची खरी किंमत यातच आहे. तिच्या जोडीने दहा-दहाचे ग्रुप झाडायला परवडतात, आणि त्याशिवाय तुम्हाला स्वतःची हद्द कळत नाही.

हे सगळं होत असतानाच ऑफिसात मी एक लोड टेस्टचा रिपोर्ट तयार करत होतो. तीन रन्स घेतले होते आणि स्लाइडवर टाकला होता सगळ्यात छान रन. हे सगळेच करतात हो! पण त्या सोमवारी स्लाइड उघडली आणि मला बिळाच्या तोंडाशी असलेलं रक्त आठवलं. मी दहा रन्स घेतले, दहाही टाकले. आकडा बराच वाईट दिसला. मॅनेजरचं तोंड कडू झालं, मीटिंगमध्ये मला अर्धा तास उभं-आडवं घेतलं गेलं. रिलीज दोन आठवडे पुढे गेली. त्याबद्दल मला अजून शाबासकी मिळालेली नाही आणि मिळेल असंही वाटत नाही. असो.

गेल्या महिन्यात बाबांशी फोनवर बोलताना हे सगळं सांगितलं. ते हसले आणि त्यांनी आजोबांची गोष्ट काढली. आमचं मूळ गाव कुडाळजवळ. १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या आधीचे दिवस. आजोबांकडे शेती संरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. एक बार झाला की पुन्हा दारू ठासेपर्यंत डुक्कर पार पुढच्या वाडीत! भाताच्या मळ्याच्या कडेला एक फणस होता आणि आजोबांचा नियम ठरलेला, "फणसापलीकडे बार घालूचो नाय." कितीही मोठं डुक्कर असो, कितीही नुकसान होवो. बाबांनी लहानपणी एकदा कारण विचारलं होतं. आजोबा म्हणाले होते, फणसाच्या अलीकडे मला माहीत आहे गोळी कुठे जाते, पलीकडचं देवाला माहीत.

आजोबांकडे ना रेंजफाइंडर होता, ना स्टॅटिस्टिक्स. पण त्यांनी आपल्या बंदुकीची सगळी कार्डं मोजलेली होती.

मॉनिटरशेजारचं ते ०.६ चं कार्ड मी काढून टाकलं. तिथे आता दहा भोकांचं, जरा विस्कटलेलं, १.५ इंचांचं कार्ड आहे. कोणी त्याची किंमत विचारत नाही. रँचवर पुन्हा दोनदा गेलो. सरपंचांनी १४० यार्डांवरच्या जुन्या कुंपणाच्या खांबाला लाल फडकं बांधून दिलंय. पहिल्या वेळी मी तीन गोळ्या झाडल्या, तिन्ही प्राणी जागच्या जागी गेले. त्याचा आनंद झाला असं म्हणवत नाही, पण झोप लागली. दुसर्‍या वेळी वारा फार होता. दिवसभर फडकं फडफडत राहिलं आणि रायफल पिशवीतून काढलीच नाही. मामांच्या हातची काळी कॉफी प्यायलो, कुंपणाच्या दोन तारा ओढायला मदत केली आणि संध्याकाळी परत निघालो.

आईला सांगितलं, "आज एकही गोळी झाडली नाही." ती म्हणाली, "मग एवढ्या लांब गेलास कशाला?"

उत्तर लांबलचक होतं. म्हटलं, ब्लॉगवरच लिहितो.