चिकटवलेले पान

वसईतील एका मराठी माध्यमाच्या शाळेचे आम्ही काही वर्षे व्यवस्थापक होतो. त्या शाळेत जिन्याखालच्या खोलीला ग्रंथालय म्हणण्याचा प्रघात होता. तेथे एक लोखंडी कपाट आहे आणि त्याच्या तळच्या कप्प्यात शाळेची हस्तलिखित वार्षिके एकावर एक रचून ठेवलेली आहेत. इंग्रजी माध्यमाच्या शाळांतून हल्ली ‘इयरबुक’ निघते. गुळगुळीत कागद, प्रत्येक मुलाचे रंगीत छायाचित्र आणि घरोघरी एकेक प्रत. आमच्या मराठी शाळांना छपाईचा तो खर्च कधीच झेपला नाही. त्यांनी हस्तलिखित काढले. त्याची प्रत एकच. ते हरवले तर हरवले, भिजले तर भिजले. वाचकहो, ही एकुलत्या एका प्रतीची गोष्ट ध्यानात असू द्यावी, कारण पुढे जे सांगायचे आहे ते सारे तिच्यावरच उभे आहे.

आम्ही स्वतः 1985 साली नववीत असताना असे एक हस्तलिखित लिहून काढले होते. अक्षर बरे म्हणून सरांनी आम्हांला लेखनिक नेमले. टाक, काळी शाई, टीपकागद आणि चुकले तर अख्खे पान फाडून नव्याने लिहायचे, असा तो खाक्या होता. मजकूर कोणाचा आहे, काय आहे, याकडे लेखनिकाने लक्ष देऊ नये अशी शिस्त होती व आम्हांला त्या शिस्तीचा अभिमान वाटे. पुढे सेमिनरीत व त्यानंतर धर्मग्रामात काम करताना हा अभिमान आमच्या फार उपयोगी पडला, असे आम्ही समजत आलो.

आमच्या व्यवस्थापकपदाच्या काळात हस्तलिखिताची प्रथा जवळजवळ बंद पडली होती. 2016 सालच्या जुलै महिन्यात नववीची पाच मुले कार्यालयात आली व ‘फादर, आम्हांला वार्षिक काढायचं आहे’ म्हणाली. पाचही मुले पहिल्या पाचांतली नव्हती, हे येथे नमूद करणे इष्ट. हुशार मुलांना शिकवणीमुळे सवड नसते. संपादक म्हणून जी मुलगी पुढे उभी होती तिचे गणित यथातथाच होते, पण अक्षर असे की आमचेही त्यापुढे फिके पडावे. चित्रांसाठी एक मुलगा होता. शासनाच्या चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला तो बसला होता व इंटरमिजिएटची तयारी करीत होता. एक मुलगी मोखाड्याकडून आलेली, मिशनच्या वसतिगृहात राहणारी. साहित्य गोळा करण्याचे काम तिने मागून घेतले. एक मुलगा निव्वळ हिशेबासाठी होता. कार्डशीट किती, गोंद किती, बटरपेपर किती हे तो वहीत टिपून ठेवी आणि उरलेले तीन रुपयेही परत आणून देई. पाचवा मुलगा काय करतो, असे विचारले तेव्हा बाकीचे चौघे एकमेकांकडे पाहू लागले. शेवटी संपादक मुलगी म्हणाली, ‘तो सोबत असतो, फादर.’

सोबत असणे हेही काम आहे हे आम्हांला पुढे कळले. वसतिगृहातली मुलगी वर्गावर्गांतून फिरून लेख मागू लागली तेव्हा मुले तिला हसत. हा पाचवा मुलगा नुसता तिच्या बाजूला उभा राही. मग कोणी हसत नसे.

सहामाही परीक्षा आटोपली आणि दिवाळीच्या सुटीत त्यांनी जिन्याखालची खोली ताब्यात घेतली. कार्डशीटवर पेन्सिलीने बारीक रेघा आखायच्या, त्यांवर लिहायचे, शाई वाळली की रेघा खोडायच्या. दोन पानांत बटरपेपर घालायचा, म्हणजे चित्राचा रंग समोरच्या मजकुराला लागत नाही. दहावीच्या मुलांची छायाचित्रे कोपऱ्यांत अडकवायची, खाली नाव, गाव आणि ‘पुढे काय व्हायचे आहे’ याची एक ओळ. ही ओळ मिळवणे फार जड गेले. मुली ‘नर्स’ लिहून मोकळ्या झाल्या. एका मुलाने ‘ठरले नाही’ असे लिहिले, त्यावर सरांनी हरकत घेतली. संपादक मुलीने ती ओळ तशीच ठेवली आणि अक्षर मात्र इतरांपेक्षा किंचित मोठे काढले. टाक बाजारात मिळेना व वॉटरप्रूफ शाई पेनात घातली की गोठते, म्हणून तिने साध्या निळ्या-काळ्या शाईच्या पेनानेच सगळे लिहिले. शाईची ही गोष्टही ध्यानात असावी.

लेख आमच्याकडे तपासणीसाठी येत. आम्ही तांबडी पेन घेऊन बसत असू. ऱ्हस्व-दीर्घ सुधारीत असू. मराठी साहित्य महामंडळाचे 1962 सालचे शुद्धलेखनाचे नियम आम्हांला मुखोद्गत आहेत, आणि नियम मुखोद्गत असलेल्या माणसाच्या हातात तांबडी पेन असली की तो थांबत नाही.

त्या गठ्ठ्यात पाचव्या मुलाचा लेख निघाला. तो लिहितो हे त्याच्या सोबत्यांनाही ठाऊक नसावे. लेख त्याच्या घरच्या बावखलाविषयी होता. वसईबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवे की, बावखल म्हणजे वाडीच्या कडेला असलेले गोड्या पाण्याचे तळे. पावसाचे पाणी त्यात साठते, भोवतालच्या विहिरींना त्याचा ओलावा पोहोचतो, केळी-पानवेलींना त्याचेच पाणी. पूर्वी त्यावर रहाट चालत. समुद्र हाकेच्या अंतरावर असताना आमच्या विहिरी गोड राहिल्या यात या बावखलांचा वाटा मोठा आहे. जमिनीला भाव आला आणि ती एकेक करून मातीने भरली जाऊ लागली. या मुलाच्या घरचे बावखल त्याच्याच काकांनी भरणी टाकून बुजविले होते. त्या दिवशी त्याची आजी काठावर जाऊन बसली व डंपर रिकामा होईपर्यंत उठली नाही, काय काय म्हणाली, कोणाला म्हणाली, एवढेच त्याने तीन पाने लिहिले होते. सारे सामवेदी बोलीत. कादोडी म्हणतात ती.

आम्ही त्याच बोलीत वाढलो आहोत. आमची आई तीच बोलते. लेख वाचताना आम्हांला आजीचा आवाज ऐकू आला, हे लपविण्यात अर्थ नाही. तरीही आम्ही तांबडी पेन उचलली आणि दोन तास बसून तो संपूर्ण लेख प्रमाण मराठीत उतरविला. ‘बावखल’ या शब्दाच्या जागी आम्ही ‘तलाव’ लिहिले. आजीच्या तोंडी ‘अरेरे’ घातले.

याला आमच्यापाशी कारणे होती व ती आजही आम्हांला अगदीच पोकळ वाटत नाहीत. शाळेत वाडवळ मुले होती, आदिवासी मुले होती, मराठवाड्यातून कामासाठी आलेल्या कुटुंबांची मुले होती. एका समाजाची बोली वार्षिकात घेतली तर बाकीच्यांनी काय समजावे? शिवाय मुलांना मार्क प्रमाण मराठीलाच मिळायचे आहेत. हे आम्ही पाचही जणांना समोर बसवून सांगितले.

वसतिगृहातली मुलगी सहसा बोलत नसे. ती म्हणाली, ‘फादर, मग आमचंबी घ्या. मी आणते लिहून.’

संपादक मुलगी म्हणाली, ‘मी दोन्ही वाचून पाहिलं, फादर. तुमचं चांगलं आहे. पण ते त्याचं वाटत नाही.’

आम्ही तिला म्हणालो, ‘बाळ, तुझं काम लिहून काढण्याचं. निवडण्याचं नव्हे.’

पाचवा मुलगा काहीच बोलला नाही. सोबत होता.

स्नेहसंमेलनाच्या आदल्या संध्याकाळी वार्षिक बांधून आले. शहाण्णव पाने, कापडी पाठ, मुखपृष्ठावर बुजलेल्या नव्हे, भरलेल्या बावखलाचे चित्र. आम्ही पाने उलटली. तिने मूळ लेखच लिहिला होता, आमचा नव्हे. आणि इतका सुंदर, की सबंध वार्षिकात तेवढी तीन पाने निराळी उठून दिसत होती. आम्हांला राग आला. लेखाचा आला की अवज्ञेचा आला, हे तेव्हा आम्ही स्वतःला विचारले नाही. शिपाईमामांकडून कोरी कार्डशीट मागविली, आमच्या हाताने, आमच्या त्या प्रसिद्ध अक्षरात, सुधारलेला लेख लिहिला आणि तिन्ही पानांवर डकवून टाकला. कडांना नव्हे, पानभर गोंद लावला. पहाटेचा मिस्सा जवळ आला होता आणि आम्हांला वाटत होते की आपण शाळेसाठी जागलो.

दुसऱ्या दिवशी व्यासपीठावरून आम्ही फादर थॉमस स्टीफन्स यांच्यावर बोललो. इंग्लंडातून आलेल्या या जेजुइटाने इथल्या माणसांची भाषा शिकून 1616 साली ‘ख्रिस्तपुराण’ छापविले. देवनागरीचे खिळे नव्हते, म्हणून ते रोमन लिपीत छापावे लागले. सतराव्या शतकात त्याच्या तीन आवृत्त्या निघाल्या. त्यांच्या छापील प्रती काळाच्या ओघात नाहीशा झाल्या. पुराण टिकले ते हाताने नकला करून ठेवणाऱ्या अनाम लेखनिकांमुळे. याच फादरांनी कोकणीतही ख्रिस्ती शिकवणीचे पुस्तक लिहिले. लोक जे बोलतात त्याला त्यांनी नाक मुरडले नाही. हे सर्व आम्ही माइकवरून सांगितले. समोर पहिल्या रांगेत ती संपादक मुलगी बसली होती. आजी शेवटच्या रांगेत होती. नातवाचे नाव वार्षिकात आले म्हणून ती आली होती. तिने पाने उलटून पाहिली, नाव कोठे आहे ते विचारले, त्यावर बोट ठेवले व वार्षिक मिटले. तिला वाचता येत नव्हते. नातवाने तिला वाचून दाखविले नाही.

2019 साली आमची बदली झाली.

गेल्या वर्षी एका अंत्यविधीसाठी त्या गावी जाणे झाले. विधीनंतर शाळेत डोकावलो. जिन्याखालची खोली, तेच कपाट. वार्षिक हाती घेतले आणि आमचे ते चिकटवलेले पान वाचले. ‘तलाव’. ‘अरेरे’. तिसऱ्या ओळीच्या पुढे आम्हांला वाचवेना. मुख्याध्यापिका बाईंच्या परवानगीने ते आम्ही घेऊन आलो. स्वयंपाकघरात पाणी उकळत ठेवले, वाफेवर पान धरले, सुरीने कड उचलली. गोंद सुटला. त्याबरोबर शाईही सुटली. साधी निळी-काळी शाई! तीन पानांवर आता निळसर ढग आहेत. मधूनच एखादी वेलांटी दिसते, एखादा शब्द अर्धा लागतो. शीर्षक तेवढे शाबूत आहे, कारण ते चित्रकार मुलाने पोस्टर कलरने काढले होते.

मुलाचा पत्ता काढला. आयटीआय करून तो आता वसईतच एका कारखान्यात कामाला आहे. रविवारी मिस्सानंतर भेटायला आला. आम्ही त्याला पाने दाखविली आणि काय केले ते सगळे सांगितले. क्षमा मागितली. तो म्हणाला, ‘असू दे, फादर. मला तेव्हाच कळलं होतं. बटरपेपर फुगला होता ना.’

आम्ही विचारले, पुन्हा लिहून देशील का?

तो बराच वेळ पानांकडे पाहत राहिला. ‘लिहिलं तेव्हा मी आजीला विचारून विचारून लिहिलं होतं. ती काय बोलली ते तिलाच विचारायचो. आजी एकवीस साली गेली. आता मी लिहीन ते माझंच होईल.’

संपादक मुलगी लग्न होऊन नालासोपाऱ्यास राहते. तिला फोन केला. तिच्याजवळ त्या वेळची कच्ची वही निघाली. पक्के लिहिण्याआधी ती प्रत्येक लेखाची जागा बेतण्यासाठी काही भाग वहीत लिहून पाही. तिने झेरॉक्स पाठविली आहे. पहिले दीड पान त्यात आहे. आजी काठावर जाऊन बसते आणि डंपर येतो, तेथवर.