शीड आणि वादळ

बंगळूरु शहराला समुद्र नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेल्या या शहरातून मोठी नदीही वाहत नाही. तळी मात्र आहेत. त्यांपैकी हलसूरच्या तळ्यालगत भारतीय लष्कराच्या मद्रास इंजिनिअर ग्रुपचे केंद्र आहे. येथील जवान तळ्याच्या पाण्यावर शिडाच्या छोट्या होड्या हाकायला शिकतात.

काठावर उभे राहून पाहणाऱ्याच्या एक गोष्ट लवकरच ध्यानात येते. वाऱ्याचा झोत येतो, शीड फुगते आणि होडी एका अंगावर कलते. नवखा माणूस घाबरतो व हातातला दोर अधिकच घट्ट आवळतो. होडी आणखी कलते. जाणता माणूस तोच दोर थोडा सैल सोडतो. शिडातला जास्तीचा वारा निसटून जातो आणि होडी सावरते. वाऱ्याशी झुंजायचे नसते, त्याला वाट द्यायची असते, हा पहिला धडा गुडघाभर लाटाही न उठणाऱ्या या पाण्यावर मिळतो. त्या धड्याची खरी परीक्षा मात्र फार दूर, महासागरात होते.

या परीक्षेला भारतीय माणूस तसा उशिराच बसला. लष्कराच्या याच इंजिनिअर दलातील अधिकाऱ्यांनी १९८५ ते १९८७ या काळात ‘तृष्णा’ या शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा केली. ती भारतीयांची पहिली प्रदक्षिणा. पण ते अनेकजण होते. एकट्याने हे साहस करणारा भारतीय अजून निघायचा होता. ते स्वप्न नौदलातून निवृत्त झालेले व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी यांनी पाहिले आणि २००६ साली नौदलातील कमांडर दिलीप दोंदे यांनी ते स्वतःचे केले.

दोंदे यांना समुद्र परिचयाचा होता. परंतु एकट्याने जग ओलांडण्याचा अनुभव त्यांच्यापाशी नव्हता. तो देशात कोणापाशीच नव्हता. मग ते शिकायला निघाले. १९६८-६९ मध्ये कोठेही न थांबता एकट्याने पृथ्वीला फेरी घालणारे पहिले दर्यावर्दी सर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांच्या हाताखाली त्यांनी उमेदवारी केली. योगायोग असा, की नॉक्स-जॉन्स्टन यांची ‘सुहैली’ ही नौका मुंबईतच बांधली गेली होती. दोंदे यांची नौका गोव्यात मांडवी नदीतील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात आकाराला आली. ५६ फूट लांबीच्या त्या नौकेला ‘म्हादेई’ हे नाव मिळाले. मांडवीचेच हे वरच्या अंगाचे नाव. ही नदी कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात उगम पावते. डोंगरातल्या नदीचे नाव घेऊन नौका सागरावर निघाली.

१९ ऑगस्ट २००९ रोजी ‘म्हादेई’ने मुंबई सोडली. ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटल, न्यूझीलंडमधील लिटलटन, फॉकलंड बेटांवरील पोर्ट स्टॅनली आणि आफ्रिकेच्या टोकाचे केपटाऊन असे चार मुक्काम करून दोंदे मे २०१० मध्ये मुंबईला परतले. शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय ठरले.

अशा नौकेवरील संसार कसा असतो? जमिनीवरच्या घराला चार भिंती असतात आणि त्या स्थिर असतात. नौकेवरचे घर मात्र अहोरात्र हलत असते. चहाचे पातेले आधण येण्याआधीच सांडू नये म्हणून शेगडी झुलती ठेवावी लागते. झोप सलग मिळत नाही. घड्याळाचा गजर लावून थोडी थोडी घ्यावी लागते, कारण समोरून येणारे जहाज पाहणारा दुसरा कोणी नसतो. गोडे पाणी जपून वापरायचे असते. दोर झिजतो, शीड उसवते, यंत्र बिघडते. शिंपी, सुतार, वीजतंत्री, स्वयंपाकी आणि वैद्य या साऱ्या भूमिका एकाच माणसाला कराव्या लागतात. आळसाला येथे जागा नाही. आज दुर्लक्षिलेला एक सैल खिळा उद्याच्या वादळात डोलकाठी घालवू शकतो.

वादळ सांगून येते, पण सांगते हळू आवाजात. वायुभारमापकाचा काटा खाली उतरू लागतो, आकाशाचा रंग बदलतो, लाटांची लय मोडते. दक्षिण गोलार्धात चाळीस अंश अक्षांशाच्या खाली वाऱ्याला अडवणारी जमीन फारशी नाही. त्यामुळे पश्चिमेचे वारे पृथ्वीभोवती जवळजवळ अखंड वाहतात आणि लाटांना वाढायला मैलोन्‌मैल मोकळे पाणी मिळते. खलाशी या पट्ट्याला ‘गर्जणारी चाळिशी’ म्हणतात. येथे जाणता दर्यावर्दी वेळेआधीच शीड आखडते घेतो. शीड कमी करावे काय, असा विचार मनात आला, तीच ते कमी करण्याची वेळ, असे जुने खलाशी मानतात. मग झाकणे घट्ट बंद करायची, सुटे सामान बांधायचे, कमरेचा पट्टा नौकेला अडकवायचा आणि वाट पाहायची. नौकेच्या तळाशी जड कणा असतो. लाटेने आडवे पाडले, तरी त्या वजनामुळे नौका पुन्हा उभी राहते. जे वजन एरवी ओझे वाटते, तेच संकटात तारते.

तरीही समुद्र कोणाला हमी देत नाही. ‘म्हादेई’तूनच २०१२-१३ मध्ये कोठेही न थांबता एकट्याने प्रदक्षिणा पूर्ण करणारे अभिलाष टॉमी २०१८ साली गोल्डन ग्लोब शर्यतीत उतरले. २१ सप्टेंबर रोजी दक्षिण हिंदी महासागरातील वादळाने त्यांच्या ‘तुरीय’ नौकेची डोलकाठी मोडली आणि त्यांच्या पाठीच्या कण्याला गंभीर इजा झाली. खंडाचा किनारा हजारो किलोमीटर दूर होता. भारतीय नौदलाच्या विमानाने त्यांना शोधले. शर्यतीतला आयरिश स्पर्धक ग्रेगर मॅगकिन याची स्वतःची डोलकाठीही त्याच वादळात मोडली होती. तरी तात्पुरते शीड उभारून तो टॉमींच्या दिशेने निघाला. २४ सप्टेंबरला ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने टॉमींना उचलले आणि पुढे मॅगकिनलाही घेतले. ‘एकट्याचा प्रवास’ हा शब्द किती अपुरा आहे, हे त्या तीन दिवसांनी दाखवले.

टॉमी पुन्हा चालायला शिकले. २०२२ मध्ये त्याच शर्यतीत परत उतरले आणि २३६ दिवसांनी, २९ एप्रिल २०२३ रोजी, दुसरे आले. दरम्यान ‘म्हादेई’च्या धाकट्या बहिणीने, ‘तारिणी’ने, वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकाऱ्यांना २०१७-१८ मध्ये २५४ दिवसांत जगाची फेरी घडवली. २०२४-२५ मध्ये दिलना के. आणि रूपा ए. या दोघींनीच तीच वाट पुरी केली.

हलसूरच्या तळ्यावर आजही कोणी नवखा दोर आवळून धरतो आणि होडी कलते. काठावरचा शिक्षक ओरडून सांगतो, “सोड, थोडा सोड!” तो क्षणभर थबकतो. हातातली पकड सोडायला धरण्यापेक्षा अधिक धीर लागतो. मग बोटे सैल होतात, होडी सावरते आणि वारा तिला पुढे घेऊन जातो.